द्वारकाबाईंच्या नावाने 'हो'

आमच्या क्लिनिकमध्ये माणूस आत आला की त्याला काय होतंय हे नंतर विचारतात, आधी मोबाईल नंबर विचारतात. नंबर टाकायचा, त्यावर ओटीपी येणार, तो आकडा पेशंटने वाचून दाखवायचा, मग स्क्रीनवर त्याचं नाव उघडणार, आणि नाव उघडलं तरच कपाटातली गोळी द्यायची. ओटीपी आला नाही तर बीपी कितीही असो, गोळी कपाटात आणि बाई बाकावर. ज्याने हे ॲप काढलं त्याच्या घरातल्या सगळ्या बायकांकडे आपापला फोन असणार, याबद्दल मला शंका नाही. आमच्या वस्तीत घरटी एक फोन, आणि तो सकाळी नऊला पुरुषाबरोबर घराबाहेर पडतो.

मी शलाका फणसे. इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या वस्तीतल्या या दोन खोल्यांच्या क्लिनिकमध्ये नऊ वर्षं नर्स आहे. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते असं घरात सांगतात. त्यांची तलवार, जमीन काही माझ्यापर्यंत आलं नाही, डोकं तेवढं लवकर फिरतं. म्हणून आधीच सांगते, हे मी शांतपणे सांगू शकणार नाही.

द्वारकाबाई गेल्या एप्रिलमध्ये आमच्या बाकावर तीन दिवस येऊन बसल्या. वय सदुसष्ट, चार घरी पोळ्यांचं काम, दिवसाला शंभराच्या वर पोळ्या. दोन वर्षांपूर्वी मी गल्लीगल्लीत बीपी मोजत फिरत होते तेव्हा मला सापडल्या. वरचा आकडा दोनशे दहा, आणि त्यांना काही होतही नव्हतं. त्यांची थोरली बहीण शांता झटका येऊन सहा वर्षं अंथरुणावर होती. तिचं हगणंमुतणं सगळं यांनीच केलेलं. त्यामुळे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की मरणाला मी घाबरत नाही, पण पडून राहायचं नाही, हात चालत असतानाच जायचं. त्या दिवसापासून तो हात चालू ठेवणं हे माझं काम झालं. रोज एक गोळी, महिन्याला एकदा बीपी, एवढंच ते काम होतं.

एप्रिलमध्ये नवीन ॲप सुरू झालं आणि त्यांच्या गोळीचा ओटीपी गेला मुलाच्या फोनवर. मुलगा यशोधन विजय नगरला एका कंपनीत. तिथे आत जाताना फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पहिल्या दिवशी आम्ही चार वेळा ओटीपी पाठवला, चारही लॉकरमध्ये जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई दोन घरच्या पोळ्या तशाच सोडून आल्या होत्या, कोपरापर्यंत पीठ, आणि त्यांनी मला सरळ विचारलं, "बेटा, बीपी मला आहे की त्या लॉकरला?"

मी त्यांच्या नावापुढे माझा स्वतःचा नंबर टाकला. माझ्या खिशातला फोन वाजला, मी आकडा वाचला, मीच तो टाकला, नाव उघडलं, गोळ्या दिल्या. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. इंदूरच्या माणसाला जुगाड सापडला की तो एकट्यापुरता राहत नाही. द्वारकाबाईंनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने नणंदेला. मे संपेपर्यंत एकतीस बायका माझ्या एका नंबरावर नोंदल्या गेल्या होत्या. आमचे डॉक्टर ऋषभ जैन, वयाने लहान पण माणूस चांगला, त्यांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, सिस्टर, मी काही बघितलं नाही. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. एकतीस बायकांची गोळी मी अडू दिली नाही, असं मी घरी जाऊन सांगितलं होतं.

आता ॲपच्या आधी काय होतं तेही सांगायला हवं. आधी आमच्याकडे डबे होते. शेवेचे मोठे पुठ्ठ्याचे डबे असतात ना, तसे बारा, प्रत्येकावर महिन्याचं नाव. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. बाई जूनमध्ये आली, गोळ्या घेतल्या, की तिचं कार्ड जूनच्या डब्यातून काढून जुलैच्या डब्यात टाकायचं. महिना संपत आला की जूनच्या डब्यात जी कार्डं उरली, त्या बायका आलेल्या नाहीत. शेवटच्या शनिवारी ती उरलेली कार्डं हातात घ्यायची आणि गल्लीत निघायचं. का आल्या नाहीत? एक माहेरी गेलेली असायची. एकीला कोणीतरी सांगितलेलं असायचं की बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही. एक रागावलेली असायची, कारण मागच्या वेळी मीच तिच्यावर ओरडले होते. दारात उभं राहून पाच मिनिटं बोललं की सोमवारी ती हजर. या कामाला पेन आणि चपला सोडून काही लागत नव्हतं.

ॲप आलं तसे डबे गेले. कागद दिसला तर तपासणीत मार्क कमी, असा हुकूम होता. शनिवारची फेरीही गेली, कारण हजेरी आता दिवसातून तीनदा चेहरा दाखवून लावायची, तीही क्लिनिकच्या चार भिंतींच्या आत. गल्लीत सापडलात तर गैरहजर. मी आमच्या कोऑर्डिनेटरना, देवदत्तजींना, विचारलं की मग न आलेल्या बायकांचं काय. ते म्हणाले की त्याची व्यवस्था केलेली आहे, आता फेरीची गरजच नाही, कॉल सेंटरमधून फोन जाईल. देवदत्तजींच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दरबारी दप्तर लिहिण्याचं काम. दप्तरात लिहिलं की झालं, यावर त्यांचा मनापासून विश्वास आहे.

जुलैपासून फोन आले. मात्र ते सगळे माझ्याच खिशात वाजायला लागले. पहिला आला तेव्हा मी लसीचे डोस भरत होते, समोर तान्ही पोरं रडत होती. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "क्या मेरी बात द्वारकाबाईजी से हो रही है?" मी तिला सांगितलं की मी त्यांची नर्स आहे. ती म्हणाली, मॅडम, फक्त पेशंटशीच बोलता येतं, नाहीतर राँग नंबर लिहावं लागेल आणि रजिस्ट्रेशन कॅन्सल होईल. कॅन्सल झालं की परत तोच ओटीपी, परत तोच लॉकर. मी म्हटलं, बरं, मीच द्वारकाबाई. तिने विचारलं, दवा नियमित ले रही हैं? मी म्हटलं, हाँ जी. तिने धन्यवाद दिले.

महिन्याला असे आठ-दहा फोन यायचे. मला वाटायचं, पाळीपाळीने सगळ्यांना करत असतील. कधी मी कुमुदिनी व्हायचे, कधी वसुधा, एकदा तर ऐंशी वर्षांची आजी झाले. प्रत्येक वेळी हाँ जी. एका हातात सुई, खांद्यावर फोन, हाँ जी. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. त्या मुलीलाही घाई असायची आणि मलाही.

त्याआधी जूनमध्ये द्वारकाबाई आल्या होत्या. ऋषभ डॉक्टरांनी बीपी मोजलं, एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले, अम्मा, बिलकुल नॉर्मल है. द्वारकाबाईही खूश झाल्या. मी त्या वेळी दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी ओटीपीशी भांडत होते. पूर्वी अशा वेळी मी मध्ये पडून सांगायचे की नॉर्मल आहे ते गोळीमुळे, गोळी सोडायची नाही. त्या दिवशी ते राहिलं.

पुढे दोन-तीन महिने त्या मला रस्त्यात दिसायच्या. मी स्कूटरवर, त्या पिशवी घेऊन कामाला निघालेल्या. मी विचारायचे, काय मावशी, कसं काय? त्या हात वर करून म्हणायच्या, एकदम फर्स्ट क्लास. आणि मी पुढे जायचे. मला सहाच्या आत चेहरा दाखवायचा असे.

ऑगस्टच्या शेवटी आमचं क्लिनिक अख्ख्या शहरात पहिलं आलं. फॉलो-अप शंभर टक्के. आमच्या शहराला पहिलं येण्याची केवढी हौस, ती तुम्हाला ठाऊक आहे. विजय नगरच्या एका हॉटेलात कार्यक्रम झाला, मला शाल दिली, स्क्रीनवर आमच्या दोन खोल्यांचा फोटो दाखवला. देवदत्तजी माईकवर म्हणाले की मन लावून काम केलं तर फोनवरूनसुद्धा पेशंटशी नातं जोडता येतं. मी टाळ्या घेतल्या. परत येताना शाल स्कूटरच्या डिकीत ठेवली, आणि जरा लाज वाटली, पण थोडीच.

गणपती बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाईंच्या हातातून लाटणं पडलं. दुसऱ्यांच्या घरी, ओट्यापाशी. त्या वाकून ते उचलायला गेल्या आणि उचलता येईना. त्या घरच्या बाईंना वाटलं थकल्या असतील, त्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, सरबत दिलं. तोंड वाकडं दिसलं तेव्हा तास उलटून गेला होता. यशोधनचा फोन लॉकरमध्ये. कोणीतरी धावत क्लिनिकला आलं, मी आणि डॉक्टर गेलो, ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडीत मी बीपी बघितलं, दोनशे चोवीस. उजवा हात मी हातात घेतला तर तो पिठाने माखलेला होता आणि त्याला माझा हात धरता येत नव्हता.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये तिथल्या डॉक्टरांनी उशिरा पोचलेल्या यशोधनला विचारलं की बीपीच्या गोळ्या चालू होत्या का. यशोधनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, नियमित. माझ्या तोंडातून ते इतकं सवयीने निघालं की मला स्वतःलाच ऐकून दचकायला झालं. यशोधन म्हणाला, "ताई, आई तर जूनपासून गोळी खातच नाहीए. बोलली, डॉक्टरसाहेबांनी नॉर्मल सांगितलंय, आता कायको खायची."

तीन महिने. घर क्लिनिकपासून दोन गल्ल्या. आणि स्क्रीनवर त्यांचं नाव हिरवं, म्हणजे गोळी नियमित.

ते हिरवं कसं राहिलं, हे मला संध्याकाळी कळलं. ऋषभ डॉक्टर ॲपबरोबर आलेलं पुस्तक घेऊन बसले होते, जे आमच्यापैकी कोणी कधी उघडलं नव्हतं. त्यांनी एक पान माझ्यापुढे सरकवलं. कॉल सेंटरचा फोन पाळीपाळीने सगळ्यांना जातच नव्हता. ठरलेल्या तारखेला जी बाई येत नाही, फक्त तिलाच जायचा. तिने गोळी घेते असं सांगितलं की नाव लाल यादीतून निघून हिरवं. म्हणजे जुलैमध्ये जेव्हा माझा फोन वाजला आणि मला द्वारकाबाईजी म्हटलं, तेव्हा तो मला सांगत होता की द्वारकाबाई आलेल्या नाहीत. ऑगस्टमध्येही तेच सांगत होता. डब्यात उरलेलं कार्डच होतं ते, आणि मी दोन्ही वेळा स्वतःच्या हाताने फाडून टाकलं. ॲपला शिव्या द्यायची मला सवय झाली होती, पण त्या दोन दिवशी ॲपने त्याचं काम केलं होतं आणि मी माझं केलं नव्हतं.

मला राग इतका आला की रडूही येईना. आणि राग कोणावर काढायचा तेही कळेना. ओटीपीचा नियम ज्याने केला त्याच्यावर काढावा तर तो कुठे बसतो ते माहीत नाही. माझ्यावर काढावा तर मी गोळी अडू नये म्हणूनच तर केलं होतं सगळं. करायला गेले काय आणि झालं काय.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीला चेहरा दाखवला नाही. उरलेल्या तीस बायकांची नावं एका वहीत उतरवली आणि गल्लीत निघाले. दोन दिवस लागले. एकवीस जणी गोळी घेत होत्या. नऊ जणींनी सोडली होती. कुमुदिनी म्हणाली, गोळीचं पाकीट बदललं, रंग वेगळा, मला वाटलं चुकीची दिली. एकीच्या सुनेने सांगितलं होतं की क्लिनिक आता फक्त मोबाईलवाल्यांसाठी आहे. एकीचं बीपी एकशे नव्वद होतं आणि ती गच्चीवर पापड वाळत घालत होती. मी तिथेच तिला खाली बसवलं आणि गोळी दिली, ओटीपीशिवाय, वहीत लिहून.

मग मी देवदत्तजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. एकतीस नंबर माझे आहेत, फोनवर मी बोलले, नऊ बायका गोळीविना होत्या, एक हॉस्पिटलात आहे, ते शंभर टक्के खोटे आहेत. त्यांनी दार लावून घेतलं. वाईट माणूस नाहीत ते, त्यांचा चेहरा खरंच उतरला. पाणी दिलं, द्वारकाबाईंची चौकशी केली. मग स्क्रीनकडे बघून म्हणाले, "शलाकाजी, तुमची तकलीफ मी समजतो. पण मी हे भरू कुठे? सिस्टीममध्ये असा कॉलमच नाही."

मी म्हटलं, कागदावर लिहून देते. ते म्हणाले, कागद घेता येत नाही. आठवड्याने वरून दुरुस्ती झाली. एका नंबरावर एकापेक्षा जास्त पेशंट नकोत, असा नियम आला आणि माझ्या नंबरावरच्या एकतीसही बायका ॲपमधून गेल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय म्हणणार. ऋषभ डॉक्टर आता त्यांना कागदावर लिहून गोळ्या देतात, कपाटातल्या साठ्याचा मेळ बसत नाही, आणि त्याबद्दल आम्हा दोघांना एक-एक नोटीस आली आहे. यादीत आमचं क्लिनिक अजून पहिलंच आहे. जे नावच नाही त्याचा फॉलो-अप चुकत नाही. शनिवारी मी फेरीला जाते आणि गैरहजर लागते.

द्वारकाबाई अनंत चतुर्दशीनंतर घरी आल्या. त्यांच्याकडे जायला मला आणखी पाच दिवस लागले. रोज त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि आधी दुसऱ्या कोणाचं तरी बीपी बघायचे. शेवटी गेले. त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात उशीवर ठेवलेला. यशोधन रजा घेऊन घरी होता आणि पोळ्या करत होता, जाड, कडेने करपलेल्या. त्या डाव्या हाताने पोळीचा तुकडा तोडायचा प्रयत्न करत होत्या आणि पोळी ताटभर सरकत होती. मी तुकडे करून देऊ का विचारलं तर मान हलवून नको म्हणाल्या.

मी बीपी बघितलं. ठीक होतं. गोळ्या बघितल्या, त्या मोजल्या, बरोबर होत्या. मग करायला काही उरलं नाही, तेव्हा मी सांगितलं. मावशी, तुमच्या नावाने फोन यायचा. गोळी घेता का विचारायचे. तुमच्याऐवजी मी हो म्हणायचे. दोनदा म्हटलं, जुलैमध्ये आणि ऑगस्टमध्ये. यशोधनने तवा खाली उतरवला. मला वाटलं आता तो बोलेल, आणि त्याने बोलावं असंच मला वाटत होतं.

बोलल्या द्वारकाबाई. शब्द जड येत होते, एकेक करून. रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच समजत नव्हतं आणि त्या विचारत होत्या.

"इतकी जवळ राहते मी. एकदा मला विचारायचं होतं ना, बेटा. मी सांगितलं असतं, गोळी बंद केली म्हणून. मी कायको लपवू?"